गरम भात जाईल तिथवर

"पोरी, भात गरम राहील तिथवरच खेळ न्यावा. त्याच्यापुढे नेलात तर खेळ राहील, माणसं राहायची नाहीत."

बदरुन्निसा खाला हे बोलली तेव्हा शहरबानू टाइपरायटरवर वाकली होती आणि तिच्या मांडीवरची वर्षाची नूरी शाईच्या रिबिनीला हात घालू पाहत होती. शहरबानू हसली. शिकलेली बाई म्हातारीकडे बघून हसते, तसं. वर म्हणाली, "खाला, भाताला आता थर्मास निघालेत."

खालाही हसली. नूरीची काळी झालेली बोटं तिने आपल्या ओढणीला पुसली, आणि पुढ्यातल्या कोकमातले खडे निवडायला लागली. विषय तिथेच मिटला. निदान शहरबानूला तसं वाटलं.

दुबईत तेव्हा क्रिकेटची एक लीग चाले. तिला सगळे कॉलेज लीग म्हणत. दुबईत कॉलेज नव्हतंच, शाळासुद्धा बोटांवर मोजण्याइतक्या. पण समुद्रापलीकडच्या कॉलेजांत शिकून आलेली पोरं होती. बँकेत, आगबोटींच्या एजंटांकडे, आयात-निर्यातीच्या पेढ्यांवर ती कारकुनी करत आणि संध्याकाळी खाडीकाठी बसून आपापल्या कॉलेजच्या फुशारक्या मारत. त्या फुशारक्यांतून चार टीमा उभ्या राहिल्या: रत्नागिरीवाले, मुंबईवाले, कराचीवाले आणि मलबारवाले. दुबई आणि शारजाच्या मधल्या ओसाड रेतीत एक कडक, खारवट पट्टा होता. त्यावर काथ्याची चटई ताणायची, कडेने खिळे ठोकायचे आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर खेळायचं. शहरबानूचा नवरा यूनुस या लीगचा सेक्रेटरी. खेळाडू बेताचाच, पण त्याच्यावाचून पान हलत नसे. चटई कोणाकडे आहे, चेंडू कोणाच्या बॅगेत राहिला, अंपायरला आणायला गाडी कोण नेणार, हे सगळं त्याच्या डोक्यात.

या लीगचा एक कायदा मात्र यूनुसच्या डोक्यात नव्हता. तो बायकांच्या हातात होता. ज्यांची यजमानाची पाळी, त्यांच्या घरच्या बायकांनी फक्त भात शिजवायचा. पाहुण्यांकडच्या बायकांनी फक्त कालवण आणायचं. ही चाल बदरुन्निसा खालाने पाडली. तिच्या गावात म्हणे दोन घरांची सोयरीक जुळली की पहिलं जेवण असंच व्हायचं, एकाचा भात आणि दुसऱ्याचं कालवण. कोणाचंच ताट एकट्याने पुरं होऊ नये, हा त्यातला डाव. मग भाताची देग गोणपाटात आणि गोधडीत गुंडाळून पिकअपमध्ये चढायची, तिच्याबरोबर बायका चढायच्या, बायकांबरोबर पोरं. मैदानाच्या कडेला दोन गाड्यांच्या मधे चादर बांधून सावली करायची. पुरुष तिकडे चेंडूमागे धावत, आणि इकडे चादरीआड खरी लीग चाले. कोणाची मुलगी कोणाच्या भावाला, कोणाच्या बाळाला काय औषध लागू पडलं, गावाकडून कोण आलं, कोण गेलं. वाळवंटात येऊन पडलेल्या बायकांना आठवड्यातली तेवढीच दुपार माणसांची मिळे.

खाला मूळची हर्णैची. फाळणीच्या कितीतरी आधी लग्न होऊन कराचीला गेली, नवरा तिथल्या गोदीत होता. मग मधे रेघ पडली, आणि माहेर एका देशात, सासर दुसऱ्या. नवरा गेल्यावर मुलगा जमाल शारजाला नोकरीला लागला, त्याने आईला आणलं. तर पासपोर्ट पाकिस्तानचा आणि जीभ हर्णैची, अशी ही बाई. जमाल कराचीवाल्यांचा फास्ट बोलर. रत्नागिरीच्या टीममध्ये निम्मी पोरं दापोली-हर्णैकडची. त्यामुळे या दोघांची मॅच असली की खालाची त्रेधा पाहण्यासारखी असे.

"खाला, तुम्ही नक्की कोणाच्या?" जुलेखा विचारायची. जुलेखा म्हणजे रत्नागिरीच्या कॅप्टनची बायको, जिभेला हाड नसलेली. "बोलिंग टाकतो तुमचा जमाल, आणि दुआ मागता आमच्या पोरांसाठी!"

"जमालसाठी रोजच मागते. ही माहेरची पोरं शुक्रवारची भेटतात."

आणि जमालने त्यातल्या एखाद्याचा स्टंप उडवला, की ओरडायची, "मेल्या, मामाच्या घरावर दगड मारलास!"

कालवणाची तर तिची तऱ्हाच वेगळी. इथे ज्याला कनाद म्हणतात ती आपली सुरमईच. तिचं लालभडक, आंबटसर कालवण. पण त्याला कोकम लागे, आणि कराचीकडून कोकम कुठून येणार? ते यायचं शहरबानूच्या माहेराहून, मुंबईच्या बोटीने. पुडा आला की अर्धा खालाचा. म्हणजे कराचीवाल्यांचं म्हणून जे कालवण मैदानात उतरे, त्यात आंबटपणा रत्नागिरीचा असे. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी बोलत नसे.

पासष्टच्या लढाईतली गोष्ट. दोन्ही बाजूंचे रेडिओ घसा फाडून ओरडत होते. त्या शुक्रवारी रत्नागिरी आणि कराची होतं. पुरुषांनी ठरवलं, खेळायचं नाही. मॅच नाही म्हणून इकडे भात चढलाच नाही. तरी सवयीने सगळे मैदानाकडे गेले, आणि दोन टोळकी करून एकमेकांकडे पाठ फिरवून उभे राहिले. तेवढ्यात शारजाकडून कोणाची तरी गाडी आली. मागे खाला, मांडीत कालवणाची हंडी घट्ट धरलेली.

"भात कुठाय?" उतरल्या उतरल्या तिने विचारलं.

"खाला, लढाई चालू आहे," यूनुस म्हणाला.

"ती तिकडे. कालवण इकडे आहे. नुसतं कालवण काय ओंजळीने प्यायचं?"

शहरबानूने अंगावरच्या नूरीला जुलेखाकडे दिलं, घरी गाडी पाठवून तांदूळ मागवले आणि तिथेच तीन दगड मांडले. ओल्या बाळंतिणीने उन्हात चूल पेटवलेली बघून पुरुष ओशाळले. भात शिजायला वेळ लागणार. तोवर करायचं काय? कोणीतरी चटई सोडली. बाकी सगळं आपोआप झालं. त्या दिवशी कोण जिंकलं ते आता कोणाला आठवत नाही.

नूरीही खालाच्याच हातावर आली होती, त्याच उन्हाळ्यात. शहरबानूची आई तिकडे दूर, सासू हयात नाही. दवाखान्यातली नर्स भली होती, पण शहरबानूला धीर आला तो खालाने कमरेला हात लावल्यावर. बाळंतपणाचं चाळिसावं होईपर्यंत खाला दुबईत राहिली. नूरीची छाती जन्मापासून नाजूक. वाऱ्यात धूळ उठली की ती श्वासाला शिट्टी वाजवायची. शहरबानूचा जीव मग टांगणीला. झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून ती पुन्हा पुन्हा बघे. खाला मुलीला खांद्यावर उभी धरी, पाठीवर बोटांनी हलके ठोके देई आणि म्हणे, "तू तिचा श्वास मोजत बसलीस तर ती घ्यायला विसरेल. दे इकडे." आणि शिट्टी खरंच उतरायची.

अशी सगळी घडी बसलेली असताना जहूर शेठ आला.

जहूर शेठचा धंदा लाँचींचा. त्याच्या लाँची या किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांना माल घेऊन जात, आणि जिथे लाँच लागे तिथे आपलं नाव लागावं ही त्याची हौस. एका संध्याकाळी तो यूनुसच्या घरी चौघा कॅप्टनांना घेऊन बसला. शहरबानू पडद्याआड चहा गाळत होती.

"चार टीमांची कसली लीग, यूनुस मियाँ? ही तर गल्ली आहे, गल्ली," शेठ म्हणाला. "कप मी देतो, गाड्या मी देतो, लाँच माझी. पण मला अबू धाबी पाहिजे, रास अल खैमा पाहिजे, खोर फक्कान पाहिजे."

"शेठ, खोर फक्कानात कॉलेज शिकलेला आहे कोण?" यूनुस म्हणाला. "एक कंपाउंडर आहे म्हणतात."

"मग माणसं नेऊ की! नोकरी मी देतो. हबीबी, शर्ट पँटीत खोचला की झालं कॉलेज."

सगळे हसले. चहाबरोबर खारी आली, आणि हसता हसता गोष्टी ठरत गेल्या. टीमा वाढल्या म्हणजे दोन ग्रुप हवेत, एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. रत्नागिरीवाले पश्चिमेला. कराचीवाले पूर्वेला.

"हे दोघे एकत्र असू देत ना," रत्नागिरीचा कॅप्टन चाचरत म्हणाला. "आमची ती जुनी मॅच आहे."

"म्हणूनच नको. गेल्या वर्षी लढाई झाली, उगाच लफडं कशाला? आणि रोज रोज भेटलात तर बघायला कोण येणार? सेमीफायनलला भेटा, फायनलला भेटा. गर्दी बघा मग." शेठने मांडीवर थाप मारली. "खलास! आता रूल पाहिजेत. इंग्लिशमध्ये, टाइप करून."

"ते माझी मिसेस करील," यूनुस म्हणाला. "बी.ए. आहे."

पडद्याआड शहरबानूच्या हातातली गाळणी थांबली. लग्न होऊन इथे आल्यापासून तिचं इंग्रजी दुधाच्या डब्यांवरची लेबलं आणि औषधाच्या बाटल्या वाचण्यापुरतं उरलं होतं. आता कोणालातरी आपलं डोकं हवं होतं.

आणि तिने रूल लिहिले ते असे लिहिले, की शेठ नुसता कागद हातात घेऊन खूश झाला. चेंडू कोणी आणायचा, पाऊस आल्यास काय, खेळाडू एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये जाण्याची रीत काय. सगळं चोख. मग जेवणाचा मुद्दा आला, तिथे ती थबकली. खोर फक्कान म्हणजे डोंगरापलीकडे. ओढ्यांच्या कोरड्या पात्रांतून, दगडधोंड्यांतून लँड रोव्हरने दिवसच्या दिवस हेलकावे खात जायचं. मांडीत माशाच्या कालवणाची हंडी आणि कडेवर पोर घेऊन कोण बाई जाणार? कालवण नासणार, पोर आजारी पडणार. नूरीची छाती तिच्या डोळ्यांसमोर आली. तिने बायकांची कीव येऊन, अगदी मनापासून लिहिलं: जेवणाची सर्व व्यवस्था यजमान संघाने करावी, पाहुण्या संघाने सोबत काही आणू नये.

"काय लिहिलंस एवढं खूश होऊन?" कोकम निवडणाऱ्या खालाने विचारलं.

शहरबानूने सांगितलं. "सुटलात तुम्ही खाला, हंडी वाहण्यातून."

खालाने हातातलं कोकम खाली ठेवलं. आणि मग ते गरम भाताचं बोलली.

त्या थंडीत नवी लीग सुरू झाली. पहिल्या शुक्रवारी शहरबानू आंघोळ-नमाज उरकून, नूरीला टोपी घालून तयार बसली. रत्नागिरीवाले रास अल खैमाला जाणार होते.

"तू कुठे निघालीस?" यूनुसने विचारलं.

"कुठे म्हणजे? मॅचला."

"अगं, गाडीत चटई आहे, किट आहे. आणि तुम्ही येऊन करणार काय? जेवण तिकडचं आहे." मग बुटाची नाडी बांधता बांधता सहज म्हणाला, "रूल तूच लिहिलास ना?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

पुढच्या शुक्रवारी घरची मॅच होती, तेव्हा तरी देग चढेल असं तिला वाटलं. तर शेठच्या ओळखीच्या हॉटेलातून कागदी खोके आले. ब्रेडचे दोन तुकडे, मधे उकडलेलं अंडं, बरोबर थंड पेयाची बाटली. पाहुण्यांच्या बायका आल्या नव्हत्या, मग यजमानांच्या बायकांनी कोणासाठी जायचं? मैदानाच्या कडेची चादर बांधायला कोणी उरलं नाही. तिथे शेठच्या लाँचींची पाटी उभी राहिली.

जुलेखा तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी आली ती दारातूनच ओरडत. "शाब्बास गं बी.ए.! एका कलमात सगळ्यांच्या चुली विझवल्यास. लढाईला नाही जमलं ते तू टाइप करून दाखवलंस!"

शहरबानूने तिला चहा दिला. 

खाला आता शारजाहून येत नसे. ती यायची कशाने? शुक्रवारची गाडी कालवणासाठी यायची, कालवणच गेलं. महिन्याभराने जमाल तिला घेऊन आला तो निरोप घ्यायला. शेठने खोर फक्कानच्या टीमला बोलर म्हणून त्याला उचललं होतं, आपल्या तिथल्या गोदामावर नोकरी दिली होती, राहायला गोदामामागचं घर.

"समुद्र दारात आहे, भाबी," जमाल सांगत होता. "कॅप्टन पण मीच. इथे काय, कारकुनी."

"ताजा कनाद मिळतो म्हणे," खाला म्हणाली. ती नूरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती. "माणसं कोकणातली आहेत का रे तिथे कोणी?"

"असतील, अम्मी. बंदर आहे, माणसं येतात-जातात."

शहरबानूला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. कोणाला सांगितलं नव्हतं, पण खालाने जाता जाता तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पोटावर हात ठेवला. "कधीपासून?"

शहरबानूने मान खाली घातली.

"भरत आलं की निरोप पाठव. मी येते. लाँचीत बसून येते, हवं तर पोहत येते." मग दारात थांबून विचारलं, "तुमची आमची मॅच कधी गं?"

रूल तिचे, वेळापत्रक तिचं. शहरबानूला बघावंसुद्धा लागलं नाही. "सेमीफायनलला. रत्नागिरी आणि खोर फक्कान, दोन्ही तिथवर आल्या तर, इन्शाल्ला."

"येतील. तू मात्र ये. मला कोकम घेऊन ये."

दोन्ही टीमा आल्या. सामना खोर फक्कानला ठरला. शहरबानूचे दिवस बरेच वर आले होते, नूरी खोकत होती, आणि यूनुसने तिचं वाक्य पुरं होण्याआधीच मान हलवली. "वेडी आहेस का? या अवस्थेत, त्या रस्त्याने? लाँचीने म्हणशील तर समुद्र खवळलेला आहे."

त्याचं चुकलं नव्हतं. म्हणून तिने माहेरचं कोकम कापडाच्या पुरचुंडीत बांधलं आणि त्याच्या किटबॅगेत सगळ्यात वर ठेवलं.

"खालाच्या हातात द्या. जमालच्या नको. तिच्या हातात. आणि तिला बघा, कशी आहे ते. जेवते का, उठते-बसते का. विचारा, निरोप पाठवला तर येशील ना."

"हो गं."

"नीट बघा."

"बघतो म्हटलं ना, बानू!"

तो परत आला तो उन्हाने काळा झालेला, घसा बसलेला आणि आनंदात. रत्नागिरी जिंकली होती. मैदान कसं होतं, मागे डोंगर कसे होते, शेवटची विकेट कशी पडली, सगळं सांगून झालं. शहरबानू ऐकत होती आणि त्याची किटबॅग उपसत होती. पांढऱ्या पँटीला हात लागला, तो चिकट. पँट बाहेर ओढली तर मांडीपासून खालपर्यंत जांभळट लाल डाग. खाली पुरचुंडी, तशीच बांधलेली, उन्हाने पाझरलेली.

तिने ती उचलून त्याच्यासमोर धरली.

"अरे!" यूनुस म्हणाला. "राहूनच गेलं. मॅच संपली तशी लाँच तयारच होती. शेठ 'यल्ला, यल्ला' करायला लागला, की ओहोटी लागेल."

"जमालला तरी विचारलंत?"

"जमाल कुठे आहे तिथे? सीझनच्या मधेच अबू धाबीने घेतला त्याला. तेलाच्या कंपनीत नोकरी. म्हणून तर जिंकलो, बोलिंगच नव्हतं त्यांच्याकडे."

"आणि खाला?"

यूनुसचा चहाचा कप ओठांशी थांबला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरून मॅच उतरली.

"तिथेच असेल," तो म्हणाला.

"असेल?"

"असणार ना. जाणार कुठे?"

गोदाम मैदानाला लागूनच होतं, हे त्याने नंतर दोन दिवसांनी सांगितलं. आपण पाणी प्यायला गोदामाच्या सावलीला गेलो होतो हेही. मागे एक घर होतं. दार लोटलेलं होतं बहुतेक. त्याने नीट बघितलं नव्हतं.

पँटीचा डाग शहरबानूने काढला नाही. साबण होता, लिंबूही होतं. तिने ती पँट तशीच दोरीवर वाळत घातली, आणि यूनुसने दुसरी घेतली.

फायनल दुबईत झाली. रत्नागिरी आणि अबू धाबी. तोवर रत्नागिरी हे नुसतं नाव उरलं होतं. कॅप्टन मलबारचा, ओपनर मुंबईचा. जुलेखाच्या नवऱ्याला शेठने 'मॅनेजर' करून खुर्चीवर बसवला होता. शहरबानू कोणाला न विचारता गेली. बुरख्यातून अवघडलेलं पोट सांभाळत, नूरीला हाताला धरून. बरोबर जुलेखा. तिथे दुसरी एकही बाई नव्हती. बघे पुष्कळ होते, शेठ म्हणाला होता तशी गर्दी. पाटीच्या सावलीत जमाल नवे बूट घालून उभा होता.

"अस्सलामु अलैकुम, भाबी! तुम्ही इथे?"

"अम्मी कुठाय?"

"खोर फक्कानला. अबू धाबीला फॅमिली क्वार्टर नाही मिळालं अजून. शेठ बोलले, पुढच्या सीझनला नक्की." तो भराभर बोलत होता. "शेजारी बघतात तिच्याकडे. अच्छे लोग हैं, भाबी. खजूर देतात, मासे देतात."

"कोणत्या भाषेत बोलतात?"

"अरबीच की."

"आणि तिला येते?"

"यल्ला, खलास, एवढं येतं." तो हसायला गेला. शहरबानू हसली नाही, तसा थांबला.

"शेवटचं कधी भेटलास?"

जमाल बुटाने रेती उकरायला लागला. मागून कोणीतरी त्याला हाक मारली. "सीझन संपला की जातो, इन्शाल्ला," तो म्हणाला. जाता जाता नूरीच्या गालाला हात लावायला वाकला, तर ती आईच्या पायांमागे लपली. याच माणसाच्या आईने तिला पहिलं पाणी पाजलं होतं.

परतताना जुलेखाने नूरीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने शहरबानूचा दंड धरला. 

कप कोणाला मिळाला ते पाटीवर आहे, ज्यांना हवं त्यांनी वाचावं. त्या संध्याकाळी शेठ पुन्हा यूनुसच्या घरी आला. पुढच्या वर्षी दोहा घ्यायचं, बहारीन घ्यायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यूनुस पडद्याकडे बघून म्हणाला, "बानू, रूल परत नव्याने करावे लागतील."

"टाइपरायटर बिघडलाय," ती आतून म्हणाली.

"परवा तर चालत होता."

"मी सांगते ना, बिघडलाय."

आता तिचे दिवस भरत आलेत. खोर फक्कानच्या लाँची चालवणाऱ्या दोन नाखुदांबरोबर तिने निरोप पाठवले. एकाने येऊन सांगितलं, घरातून धूर येताना दिसला. दुसरा म्हणाला, त्या घरात कोणी राहतं हेच त्याला माहीत नाही. दोघांनीही दारापर्यंत जायचे कष्ट घेतले नाहीत. माल उतरवायचा होता. यूनुस म्हणतो, बाळंतपण होऊ दे, मग मी स्वतः जातो. तो जाईलही. पण दोह्याला चाचणीची एक मॅच शेठने त्याच्या आधीच ठेवली आहे.

शहरबानू हल्ली नूरीच्या नाकाशी बोट धरून बसते आणि मनात मात्र दुसऱ्याच कोणाचा तरी श्वास मोजत असते.

म्हणून, वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या बाजूला जाणार असाल, मॅचला जा, मालाला जा, कशालाही जा, तर तिचं एवढंच मागणं आहे. बंदरावर उतरलात की जहूर शेठचं गोदाम विचारा. ते सगळे दाखवतात. त्याच्या मागचं घर. दार वाजवून उपयोग नाही, खालाला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. डावीकडच्या खिडकीशी उभे राहा आणि आपल्या भाषेत मोठ्याने म्हणा, "खाला, भात आणलाय." खरंच मूठभर घेऊन गेलात तर बरं. वाटेत गार होईल, होऊ दे. मग घाई करू नका, लाँच थांबली असेल तरी. आत कालवणासाठी कोणी उठतंय का, ते नीट बघा.